लवणाचं वावर

वेणूचा हात मी सोडला. सुटला नाही, सोडला.

चरात कमरेइतकं पाणी होतं. वेणू माझी धाकटी जाऊ. तिची तीन वर्षांची पोरगी कुंदा माझ्या डाव्या खांद्यावर आणि वेणूचा हात माझ्या उजव्या हातात. भादव्यातली दुपार होती. आम्ही चराच्या पलीकडे मुगाच्या शेंगा तोडायला गेलो होतो. मेळघाटाच्या अंगानं आभाळ काळं झालं होतं, पण आमच्यावर चार थेंबच पडले. सकाळी जाताना चरात घोट्याइतकं पाणी होतं, म्हणून येतानाही उतरलो. वेणूच्या डोक्यावर शेंगांचं गाठोडं होतं.

"टाक थे गाठोडं," मी म्हटलं.

"टाकू कशी वं बाई? मूग वाहून गेले तर आत्याबाई आपल्यालेच उकडतीन," असं म्हणून ती हसली.

आम्ही मधात पोचलो आणि वरून लोंढा आला. आधी आवाज आला, पत्र्यावर ज्वारी ओतल्यासारखा. मग वेणूचे पाय उचलले गेले. ओल्या लुगड्यासकट ती माझ्या हाताला लटकली. काठावरच्या बाभळीची एक मुळी उघडी पडली होती, माझ्यापासून हातभर. मला हात दोनच. एकात पोर, एकात वेणू. मुळी धरायला तिसरा नव्हता.

मी मुळी धरली.

गावाला सांगितलं, हात सुटला. आत्याबाईंना, माझ्या सासूबाईंना, तेच सांगितलं. दिराला तेच. कुंदा मोठी झाल्यावर तिलाही तेच. सगळ्यांनी ऐकून घेतलं. दोन शब्द इतके सारखे आहेत, की कुणी पुन्हा विचारलं नाही.

दीर पुढं तीन-चार वर्षांत गेला. मला मूल नव्हतं. कुंदाला मी वाढवलं. ती मला मोठी माय म्हणते. अंजनगावला दिली होती, आता नवऱ्यासकट इथंच आहे आणि वावर तीच वाहते. या उन्हाळ्यात तिनं ठरवलं, चराचं तोंड बुजवायचं आणि पूर्वी जिथं पाणी साचत होतं तिथं पुन्हा साचू द्यायचं. जेसीबीवाल्याला तिनं सांगूनही ठेवलं. फक्त पाणी पूर्वी कुठवर राहायचं हे तिला माहीत नव्हतं. ते पाहिलेली गावात मी एकटी उरले आहे.

"मोठी माय, तू चाल. नुसतं बोट दाखव," ती म्हणाली. "बांध उंच झाला तर बाजूवाल्याच्या तुरीत पाणी घुसन. कमी झाला तर काई फायदा नाई."

"मले चालनं होत नाई."

"काल तर शिवेलोक गेलती तू."

"थे जेवाले गेलती."

"मंग उद्या तथी डबा आनतो तुयासाठी," ती म्हणाली. तिची आई अशीच बोलायची.

मी त्या जागी वेणू गेल्यापासून गेले नव्हते. वावर आमचंच, पण मी दुसऱ्या धुऱ्यानं, वावराच्या कडेच्या बांधानं, फिरून जायची.

आमच्याकडे वावरातल्या खोलगट जागेला लवण म्हणतात. आमचं लवण तव्यासारखं होतं. काठावर उभं राहून पाहिलं तर खोली कळायचीही नाही. बैल मात्र ओळखायचे, तिथं आले की पाय जपून टाकायचे. उन्हाळ्यात तिथली काळी माती इतकी फाटायची, की भेगेत कोंबडीचं पिलू पडलं तर नुसता आवाज ऐकू येई, दिसत नसे. पावसाळा लागला की सुरवातीचं सगळं पाणी त्या भेगा पिऊन घ्यायच्या. चार-पाच पाऊस झाले तरी वर टिपूस दिसायचा नाही. मग माती फुगून एक होई, भेगा मिटत आणि एका सकाळी पाहावं तर लवणात आभाळ दिसायचं.

त्याचा वास मला आजही सांगता येतो. कुजक्या पऱ्हाटीचा म्हणजे कपाशीच्या झाडांचा, शेवाळाचा आणि थोडा म्हशीच्या अंगाचा. बेडूक इतके ओरडायचे, की वावरात दोघींना एकमेकींशी बोलायचं तर ओरडावं लागायचं. वेणू लग्न होऊन आली त्या वर्षी मला म्हणाली होती, "बाई, तुमच्या गावात मानसायपेक्षा बेंडकंच जास्त हायेत. आन हुशारबी." काठानं लव्हाळा उगवायचा. टिटवी तिथंच उघड्यावर अंडी घालायची आणि आम्ही जवळ गेलो की डोक्यावर घिरट्या घालून शिव्या द्यायची. दिवाळीच्या सुमाराला लांब पायांचे करकोचे उतरायचे, दिवसभर एका पायावर उभे. मामाजी, म्हणजे माझे सासरे, त्यांना पाहुणे म्हणायचे. "पावने आले. आता पेरनीले लागा," असं म्हणत.

कारण लवण एकदम आटत नसे. रोज वीतभर मागं सरकायचं. जेवढं सरकलं तेवढ्या ओलीवर हरभरा पेरायचा. म्हणून आमचा हरभरा गोलगोल असायचा. बाहेरच्या कड्याला फूल, आतल्या कड्याला चार पानं आणि मधात अजून पाणी. कडेला चिवई उगवायची, तिची भाजी व्हायची. हात लावून पेरलेलं नसताना मिळायचं ते एवढंच.

आमचा मुलूख खारपाणपट्ट्याचा. कुठंही विहीर खणा, पाणी खारट. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, चहात दूध घातलं की फाटतं. पण लवणाच्या काठाला एक विहीर होती आणि तिचं पाणी गोड होतं. अर्धं गाव तिथं पाणी भरायचं. त्यात काही देवाचं नव्हतं. लवणात महिनोन्‌महिने साचलेलं पावसाचं पाणी जमिनीत मुरायचं आणि खाऱ्या पाण्याच्या वर तरंगत राहायचं, दुधावर साय राहते तसं. खाली खारं ते खारंच. वर हात-दोन हात गोड.

त्यामुळं त्या विहिरीतून पाणी काढायची रीत होती. दोराला एका ठिकाणी गाठ मारलेली असायची. गाठ हाताला लागली की थांबायचं, बादली त्याखाली सोडायची नाही. बादली आपटायची नाही. पाण्यावर हळूच टेकवायची, तिरपी करायची, आपोआप भरू द्यायची. आत्याबाई नव्या सुनेला पहिल्याच दिवशी विहिरीवर नेत आणि पाठ फिरवून उभ्या राहत. बादलीचा आवाज आला की सून कच्ची. माझ्या वेळेला आवाज आला होता. आत्याबाई म्हणाल्या, "सारी विहीर ढवळली बयेनं. आज खारा चहा पेजो." वेणूच्या वेळेला आला नाही. बादली वर आली तरी आत्याबाई पाठमोऱ्याच उभ्या होत्या, त्यांना कळलंच नाही. शेवटी वेणू म्हणाली, "आत्याबाई, झोपल्या का?"

मग निचऱ्याच्या कामाचे साहेब आले. पुण्याकडचे होते. वयानं लहान, बोलायला चांगले, उन्हानं तोंड लाल झालेलं. जीप पांदणीत फसली होती म्हणून चालत आले होते. मामाजींनी मला बाहेर बोलावलं, कारण घरात चौथी शिकलेली मी एकटीच. "तू लिवनं वाचनं कर," म्हणाले.

साहेबांनी फॉर्म काढला. विचारलं, "जमीन कशी आहे?"

मी म्हटलं, "लवणाची हाये."

"लवणाचा त्रास फार आहे का?"

"फार नाई. पन खरीप येत नाई तथी. रब्बीच घ्या लागते."

त्यांनी मान हलवली आणि लिहिलं. मी वाचलं. अक्षर चांगलं होतं. जमीन लवणयुक्त. खरीप पीक येत नाही. उपाय, निचरा चर. मामाजींनी विचारलं, "बराबर लिवलं का?"

मी म्हटलं, "बराबर."

मामाजींनी अंगठा दिला. शेजारी मी सही केली, सबंध नावाची.

चर आम्हीच खोदला. सरकारी काम होतं, गावातलेच मजूर होते, त्यात मी आणि वेणूही. काळी माती फावड्याला चिकटायची, ती काढायला वेणू खुरप्याचा तुकडा कमरेला खोचून ठेवायची. लवणाचा काठ जिथं सगळ्यात उतरता होता तिथं एक बाभूळ होती. लवण भरलं की पाणी तिच्या बुडाला टेकायचं आणि त्याहून जास्ती झालेलं तिथूनच पातळ पसरून खालच्या वावरांत जायचं. तिथं लहान पोरं वाकून हातानं झिंगे धरायची. साहेबांनी चुन्याची रेघ बरोबर त्या बाभळीजवळून मारली. काठ कापला त्या दिवशी लवणातलं उरलंसुरलं पाणी निघून गेलं. दुपारभर चालू होतं. संध्याकाळी चिखलात मासळ्या तडफडत होत्या आणि बगळ्यांचा गोंधळ उडाला होता. पोरांनी टोपल्या भरल्या. आम्ही त्या दिवशी मासळी खाल्ली, चांगली लागली.

खोटं कशाला सांगू, पहिली दोन वर्षं आम्ही खूश होतो. लवणाच्या गाळात पऱ्हाटी माणसाएवढी उंच झाली. लोक पाहायला आले. वरच्या अंगाच्या लोकांच्या वावरांतही लहानमोठी लवणं होती. त्यांनीही चर काढले आणि आमच्या चराला आणून जोडले. मामाजींनी नाही म्हटलं नाही. आमचं निघालं तर त्यांचंही निघू द्या, म्हणाले. पूर्वी ज्याचं पाणी त्याच्या वावरात बसून राहायचं, महिना-महिना. आता वर कुठंही पाऊस पडला की सगळ्यांचं पाणी एकदम निघायचं आणि आमच्या चरातून जायचं. काळ्या मातीला बुड नाही. दर पावसाळ्यात चर आणखी खोल जायचा. आम्ही खोदला तेव्हा मांडीएवढा होता. तिसऱ्या वर्षी त्यात उभं राहिलं तर वरून पदर दिसायचा नाही.

त्या तिसऱ्या वर्षीचा भादवा मी आधीच सांगितला आहे. वेणू दुसऱ्या दिवशी सापडली, अडीच कोसांवर, नाल्याच्या वळणात. गाठोडं नव्हतं. कमरेला खुरप्याचा तुकडा होता.

विहिरीचं कळायला वेळ लागला. आधी दोराची गाठ वीतभर बादलीकडे सरकवावी लागली. पुढच्या वर्षी आणखी. त्या दोरावर सोडलेल्या गाठींचे वळ एकाखाली एक उमटले होते. मग गाठ मारायला जागाच उरली नाही, वरचंच पाणी मचूळ लागू लागलं. कुणीतरी मोटर टाकून पाहिली. तिनं तळाचं वर ओढलं आणि दोन दिवसांत विहीर संपली. गावानं तिथं यायचं सोडलं. आता नळ आहे, आठवड्यातून एकदा येतो. विहिरीत कबुतरं राहतात.

कुंदा पाचवी-सहावीत असेल. मी कणीक मळत होते. ती ओट्यावर बसून मोठ्यानं पाठ करत होती, शाळेतल्या पोरांचा तो एक सूर असतो, त्या सुरात. "लवण म्हणजे मीठ. लवण म्हणजे मीठ."

मी म्हटलं, "काय वाचून राहिली?"

"लवण म्हंजे मीठ."

"लवण म्हंजे खोल जागा. आपलं वावर हाये ना."

"नाई वं मोठी माय. पाय ना, पुस्तकात हाये. लवण, मीठ. लवणयुक्त, मीठ असलेलं."

मी पुस्तक पाहिलं. कणकेचे हात त्या पानाला लागले. मग फॉर्मवरचं ते चांगलं अक्षर आठवलं. साहेबांना वाटलं, मी मीठ म्हणते आहे. मीठ धुऊन निघावं म्हणून चर काढतात, आम्हाला तो मीठ नसलेल्या जागेवर काढून दिला. त्या सबंध पट्ट्यात जिथं गोड पाणी होतं तेवढीच जागा आम्ही उपसून टाकली. साहेबांनी त्यांच्या भाषेतलं बरोबर लिहिलं होतं. मी माझ्या भाषेतलं बरोबर वाचलं होतं. सही माझी होती. चौथी शिकले नसते तर मामाजींनी दुसऱ्या कुणाला विचारलं असतं.

"काहून गप झाली?" कुंदानं विचारलं.

"काई नाई. वाच तू," मी म्हटलं आणि पोळ्या केल्या.

तर या उन्हाळ्यात, सकाळी ऊन चढायच्या आत, मी कुंदाबरोबर गेले. तिच्या हातात खुंटी आणि हातोडा. चर आता घळ झाला आहे, दोन पुरुष खोल, काठ ढासळलेले. लवणाची जागा ओळखू येत नाही. सोयाबीनचं काड पडलेलं, सपाट. बाभूळ केव्हाच तोडली. खुंट आहे, त्याला वाळवी लागलेली. मी काठाशी गेले. मुळी अजून होती. चराच्या कडेतून बाहेर आलेली, वाळून हाडासारखी. मनगटाएवढी जाड. मला ती बारीक होती असं आठवत होतं.

"पानी कुठलोक राहे?" कुंदानं विचारलं.

मी म्हटलं, "थांब. आधी दुसरं सांगतो."

"बोल."

"तुया मायचा हात सुटला नव्हता. म्या सोडला."

तिनं हातोडा खाली ठेवला नाही. मी तिला मुळी दाखवली. मी कुठं उभी होते ते दाखवलं. ती कोणत्या खांद्यावर होती ते सांगितलं. एकदाच सांगितलं आणि थांबले. रडले नाही. रडून झालेलं ते.

ती घळीत पाहत होती. मग म्हणाली, "माही माय काई म्हने का? सोडताना?"

"नाई. तोंडात पानी होतं तिच्या."

"पाहे का?"

"पाहे."

"कोनाकडे?"

मला खोटं सांगता आलं असतं. "माह्याकडं," मी म्हटलं. "तू मांगं होती, तुयं तोंड माह्या पाठीकडं होतं. तू दिसत नव्हती तिले."

टिटवी ओरडत होती. पाणी नाही, काही नाही, तरी ती अजून त्या वावरात अंडी घालते.

"लवणाचंबी सांगतो," मी म्हटलं, आणि फॉर्मचं सांगितलं. साहेब, सही, तिचं पुस्तक. ते ऐकून ती पहिल्यांदा माझ्याकडे वळली.

"एवढ्या वर्साचं एकाच दिवशी काहून सांगून राहिली?"

"जागा दाखवाले आनलं ना तूनं."

ती पुढं झाली. खुंटाजवळ बसली, खुंटी मातीत उभी धरली. "इथलोक?"

"आनखी चार बोटं वर."

"इथं?"

"हां. इथं टेके पानी. याच्या वर कवाच नाई गेलं."

तिनं खुंटी ठोकली. जोरात ठोकली, खुंटीचं डोकं फाटेपर्यंत.

परत येताना ती पुढं होती. आमच्या वाटेवर एक उंच धुरा आहे, तिथं ती नेहमी मला हात देते. त्या दिवशी ती धुरा चढून उभी राहिली, पाठ माझ्याकडे. मी खाली थांबले. थोड्या वेळानं तिनं मागं न पाहता हात मागं केला. मी धरला. वर आल्यावर तिनं सोडला.

दोन दिवस तिनं माझ्यासमोर ताट ठेवलं ते न बोलता ठेवलं. तिसऱ्या दिवशी जेसीबी आला. तिनं बाहेरून हाक मारली, "मोठी माय, चाल. थो मानूस खुंटीच्या वर बांध टाकून राहिला." मी गेले आणि त्या माणसाला चार शब्द बोलले.

यंदा पाणी थांबलं. भेगा मिटल्या आणि लवणात आभाळ दिसलं, पूर्वीएवढं नाही, पण दिसलं. खुंटीच्या खाली एक हात राहिलं. घळीच्या तोंडाशी बांध दोनदा खचला, दोनदा भरला. बाजूवाला भांडून गेला. करकोचे आले नाहीत. बेडूक आले.

कार्तिकात कुंदानं गोठ्यातून तो जुना दोर काढला आणि विहिरीवर गेली. मी पाठ करून उभी राहिले. आवाज आला नाही. तिनं ओंजळ माझ्यापुढं धरली. मी तोंडात घेतलं, थुंकलं.

"खारंच हाये," मी म्हटलं.

"पयलेपेक्षा?"

"खारंच हाये कुंदे."

तिनं बादली तिथंच सांडली आणि दोर गुंडाळला. पुढच्या वर्षी पुन्हा पाहू, म्हणाली. गोड पाणी यायला किती वर्षं लागतात हे कुणाला माहीत नाही. जायला आठ लागली होती. मी तेवढी राहणार नाही.

त्या दिवशी चरात आम्ही तिघी उतरलो होतो. वेणू गेली. मी वाचले आणि कुंदा वाचली.